बांद्याची ऑर्डर आणि हिशेबाचा माणूस

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र थोडं कापून देते आहे.

‘सात वर्षांपूर्वी स्वयंसाहाय्य गटाच्या स्टॉलवर मिस्कूट (कैरीचं लोणचं) आणि आगळ (कोकमाचा खारवलेला रस) विकायला सुरुवात केली. आज घरामागच्या शेडमध्ये तीन बायका कामाला आहेत. लोणची, आगळ, आंब्या-फणसाची साटां, चवथीला नेवऱ्या. म्हापशाची तीन दुकानं, मोरजीचं एक रिसॉर्ट आणि घरून होणारी विक्री धरून गेल्या वर्षी २७ लाखांचा धंदा झाला. जीएसटी नंबर नाही. हिशेब माझे दीर बघतात. ते एका शोरूममध्ये नोकरीला आहेत, टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं, पैसे घेत नाहीत. माझं आणि यजमानांचं रिटर्नही तेच भरतात. यजमान सरकारी नोकरीत आहेत, ते फक्त पगार दाखवतात. आता महाराष्ट्रातल्या बांद्याच्या एका दुकानदाराने दर महिन्याला माल मागितलाय. रिसॉर्टवाले जीएसटीचं बिल मागतात, आणि त्यांच्याकडे चार महिन्यांचे पैसेही अडकलेत. दीर म्हणतात, ४० लाखांपर्यंत काही लागत नाही. एक एजंट भेटला, तो म्हणाला महिन्याला दीड हजार द्या, आधार-पॅन द्या, ओटीपी आला की सांगा, बाकी मी बघून घेतो. म्हापशातल्या एका सीएंकडे गेले तर त्यांनी अर्धा तास प्रश्नच विचारले, वर्षाची फी ३० हजार सांगितली आणि वर लग्नाचा दाखला आणायला सांगितलं! यजमान म्हणतात, लोणच्याला सीए कशाला? दिरांनाही वाईट वाटेल. काय करू?’

ताई,

लग्नाचा दाखला मागणाऱ्या त्या सीएंकडेच जा. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ ती आहे, आणि तीच तुम्ही उद्गारचिन्ह लावून हसण्यावारी नेलीत.

गोव्यात लग्न नोंदवताना आपण सिव्हिल रजिस्ट्रारसमोर सह्या करतो. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. भाट (बागायत) विकायचं तर बायकोची सही लागते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. आयकराच्या वेळी मात्र याचा हमखास विसर पडतो. १९६१ च्या आयकर कायद्यात खास अशा जोडप्यांसाठी ५ए हे कलम आहे, आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही ती तरतूद ठेवलेली आहे. पगार ज्याचा त्याचा. बाकीचं उत्पन्न, म्हणजे धंद्याचं, भाड्याचं, व्याजाचं, दोघांच्या रिटर्नमध्ये निम्मं-निम्मं दाखवायचं. रिटर्नच्या फॉर्मात त्यासाठी ‘शेड्यूल ५ए’ नावाचा वेगळा तक्ता असतो.

आता तुमचं गणित मांडून पाहा. छोट्या धंद्याला ठोक हिशेबाने, लोक ज्याला प्रिझम्प्टिव्ह म्हणतात त्या पद्धतीने, विक्रीच्या ८ टक्के नफा धरून कर भरता येतो. बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के चालतात. खरा नफा जास्त असेल तर अर्थातच तो दाखवायचा. २७ लाखांचे ८ टक्के म्हणजे २ लाख १६ हजार. तुमच्या एकटीच्या नावावर एवढं दाखवलं की कर शून्य. दिरांनी तसंच भरलं असणार, आणि कागद नीटनेटका दिसला असणार. पण त्यातले १ लाख ८ हजार यजमानांच्या पगारावर चढले तर त्यांच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो, आणि तो भरलेला नाही. असं किती वर्षं चाललंय ते तुम्हाला ठाऊक. मागची रिटर्न सुधारायला आता ४८ महिन्यांपर्यंत मुदत मिळते, पण कर आणि व्याज धरून जी रक्कम निघेल तिच्यावर आणखी २५ ते ७० टक्के जादा भरावे लागतात. जितका उशीर, तितका टक्का वर. तेव्हा लोणच्याला सीए कशाला, असं यजमानांनी पुन्हा विचारलं तर सांगा, लोणच्याला नको, तुमच्या पगाराच्या रिटर्नला हवाय. जाता जाता हेही विचारा की बायकोचा धंदा आहे हे त्यांनी खात्याला लेखी कळवलं आहे का. सरकारी नोकराला ते कळवावं लागतं, आणि बरेच जण राहून गेलं म्हणतात.

तुमच्या लग्नाची नोंद कुठे आणि कशी झाली ते मला माहीत नाही, म्हणून हे सगळं ‘गोव्यात नोंदलेलं, करार नसलेलं लग्न’ असं धरून लिहिते आहे. दाखला बघून ठरवायचं काम सीएंचं. पण त्यांनी तो मागितला यावरूनच कळतं की या माणसाला गोव्यात काम करायची सवय आहे. मुंबई-बंगळुरूच्या ॲपवर पाचशे रुपयांत रिटर्न भरून मिळतं. तिथे लग्न कुठे झालं हे कुणी विचारत नाही.

दिरांचे ४० लाखही खोटे नाहीत. माल विकणाऱ्याला गोव्यात वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, २०१९ पासून हीच मर्यादा आहे. पण ती राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांसाठी. सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडून माल बांद्याला गेला की ती आंतरराज्य विक्री झाली, आणि करपात्र मालाच्या आंतरराज्य विक्रीला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. तुमच्या घरून बांदा मडगावपेक्षा जवळ असेल. माणसं रोज बाजाराला, सोयरिकीला, दवाखान्याला जा-ये करतात. कायद्याला त्याचं काही नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही ३० नंबरच्या राज्यातून २७ नंबरच्या राज्यात माल पाठवला. (गोव्याचा जीएसटी नंबर ३० ने सुरू होतो, महाराष्ट्राचा २७ ने. समोरच्याचं बिल हातात आलं की पहिले दोन आकडे बघायची सवय लावून घ्या.)

इथे खरा हिशेब सुरू होतो, आणि तो एजंटने तुम्हाला सांगितलेला नाही. बांद्यासाठी नोंदणी केली म्हणजे फक्त बांद्याच्या बिलावर कर, असं होत नाही. म्हापशाच्या दुकानांना जाणाऱ्या मालावर, घरी येऊन बरणी नेणाऱ्या शेजारणीच्या बिलावरही तो लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांचा टप्पा गेला; तुमचा बराचसा माल ५ टक्क्यांत बसेल असं धरू. २७ लाखांवर ५ टक्के म्हणजे १ लाख ३५ हजार. बरण्या, झाकणं, लेबलं, तेल यांच्यावर भरलेला कर त्यातून वजा होईल, पण कैरी आणि भिंडां (कोकमाची फळं) तुम्ही गावातल्या लोकांकडून घेता, तिथे वजा करायला काही नाही. मग हा कर बरणीच्या भावात चढवायचा की स्वतः सोसायचा? म्हापशाचे दुकानदार वाढीव भाव देतील? बांद्याच्या ऑर्डरमध्ये वर्षाला नफा किती, आणि तिच्यापायी बाकीच्या धंद्यावर खर्च किती? कदाचित ऑर्डर घेणंच बरं ठरेल, कारण नोंदणी असली की मोपाच्या विमानतळावरची दुकानं, पुण्याचे घाऊक व्यापारी, सगळी दारं उघडतात. कदाचित पहिली दोन वर्षं तोटाच होईल. तुमची वही समोर ठेवून हे आकडे मांडणं, यासाठीच त्या ३० हजारांतले निम्मे पैसे द्यायचे असतात.

मधला मार्ग म्हणून कुणी तुम्हाला जीएसटीची कंपोझिशन योजना सुचवेल. वर्षाला दीड कोटीपर्यंत विक्री असलेल्यांना विक्रीच्या १ टक्का भरून मोकळं होता येतं, कागदपत्रंही कमी. पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि गिऱ्हाइकाकडून कर घेताही येत नाही, तो खिशातून भरायचा. म्हणजे ज्या बांद्यासाठी हा खटाटोप, तेच बाद. तरी सुचवणारा माणूस भेटेलच.

रिसॉर्टवाल्यांनाही एक प्रश्न विचारून पाहा, तुमच्या रेस्टॉरंटच्या बिलावर किती टक्के जीएसटी लावता? ५ टक्के म्हणाले तर त्यांना खरेदीवरचा कर वजा करता येत नाही, मग तुमच्या जीएसटी बिलाचा त्यांना फारसा उपयोगही नाही. बहुतेक रेस्टॉरंटं याच गटात मोडतात. अशा ठिकाणी ‘जीएसटीचं बिल नाही’ ही पैसे लांबवायची सबब असते. १८ टक्के म्हणाले तर मागणी खरी आहे.

आता माणूस ठेवण्याबद्दल. तुमच्यासारख्या धंद्यात एकच ‘हिशेबाचा माणूस’ शोधायची सवय असते, आणि तिथेच घोळ होतो. कामं दोन आहेत. रोजची नोंद हे एक. खरेदी, विक्री, कोणाचं येणं, कोणाचं देणं, बँकेशी ताळमेळ. दुसरं काम म्हणजे त्या नोंदींवरून कायद्यात कुठे बसतो ते ठरवणं, रिटर्न भरणं, नोटीस आली तर उत्तर देणं. पहिल्या कामाला सीए ठेवणं म्हणजे उधळपट्टी, आणि दुसरं काम टॅली येणाऱ्याकडून करून घेणं धोक्याचं. टॅली येणं आणि कायदा येणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. तुम्ही दिरांकडून दोन्ही करून घेतलंत, त्यांनी मायेने केलं, त्यात त्यांना दोष देऊ नका.

रोजच्या नोंदीसाठी गावातली बी.कॉम. झालेली एखादी मुलगी आठवड्यातून दोन दुपारी आली तरी पुरे. तिच्या हातात काय द्यायचं ते मात्र तुम्ही ठरवा. माझ्या पाहण्यात सगळ्यात मोठं भोक कच्च्या मालात असतं. मे महिन्यात कोणी दारात कैऱ्यांची पोती टाकतं, कोणी सुकवलेली सोलां आणून देतं, पैसे रोख, कागद काही नाही. एक छापील व्हाउचर-बुक आणा. तारीख, देणाऱ्याचं नाव आणि गाव, किती किलो, काय भावाने, एकूण रक्कम, पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. शेडच्या दारात वजनकाट्याशेजारी ते दोरीने बांधून ठेवा, म्हणजे शोधायचा प्रश्नच नाही. वर्षअखेरीला कोणत्याही सीएंना तुम्ही हे बुक दिलंत तर ते खुर्चीतून उठून तुम्हाला चहा देतील. धंद्याचं बँक खातंही वेगळं हवं. मुलांची फी आणि बरण्यांचं बिल एकाच खात्यातून जात असेल, तर सीएंचे पहिले दोन महिने तुमचे घरगुती खर्च निवडण्यात जातात, आणि त्याची फी तुम्हीच देता.

एजंटांबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. सरकारकडे रीतसर नोंदणी केलेले जीएसटी प्रॅक्टिशनर असतात, त्यांतले कितीतरी जण चोख काम करतात, आणि साध्या धंद्याला तेवढं पुरतं. पण ‘ओटीपी सांगा, बाकी मी बघतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. त्याने पोर्टलवर स्वतःचा मोबाइल आणि ईमेल टाकला की खात्याची नोटीस त्याच्याकडे जाते, तुम्हाला पत्ताच लागत नाही. तो फोन उचलेनासा झाला की तुमच्याच खात्यात शिरायला तुम्हाला कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. तुमच्या नंबरावर कोणी खोटी बिलं फाडली तर जबाब तुम्ही द्यायचा. मोबाइल नंबर तुमचा, ईमेल तुमचा, पासवर्ड तुमच्या वहीत, डिजिटल सही काढली तर ती तुमच्या कपाटात. सीएंच्या बाबतीतही हेच. चांगला सीए स्वतःच तसं सांगतो. नोंदणीच्या वेळी घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतिपत्र, पंचायतीची घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल लागेल. नोंदणीला सरकारी फी नाही, हे लक्षात असू द्या. ‘सरकारी चलन’ म्हणून कोणी पैसे मागितले तर पावती मागा.

माणूस पारखायची एक युक्ती सांगते. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही कोणाचाही नंबर टाकून बघता येतो. त्या धंद्याने कुठल्या महिन्याचं रिटर्न कुठल्या तारखेला भरलं तो तक्ता दिसतो. तुमच्या ओळखीचे दोन धंदेवाले त्या सीएंकडे किंवा प्रॅक्टिशनरकडे जात असतील, तर त्यांच्या बिलावरचे नंबर घ्या आणि बघा. तारखा वेळच्या वेळी असतील तर कार्यालय जागं आहे. दर महिन्याला आठ-दहा दिवस उशीर असेल तर एकदा विचारा, माल देणाऱ्याने बिलं उशिरा दिली असंही असू शकतं. सीएंना सभासद क्रमांक आणि प्रॅक्टिसचा दाखला आहे का हे विचारायला लाजू नका, सीएंच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. पुढे बँकेच्या कर्जासाठी त्यांनी एखादं प्रमाणपत्र दिलं तर त्यावर यूडीआयएन नावाचा क्रमांक असलाच पाहिजे. २०१९ पासून ते बंधनकारक आहे. आणि ‘जेवढा कर वाचवीन त्याच्या दहा टक्के’ असं म्हणणारा भेटला तर उठून या. सीएंना अशा टक्केवारीवर सहसा काम करताच येत नाही.

३० हजार जास्त की कमी, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. फीमध्ये घासाघीस करण्यापेक्षा त्यात काय काय येतं ते लिहून घ्या. दोघांची रिटर्न त्यात आहेत का, जीएसटी घेतला तर महिन्याचं काम त्यातच की वेगळं, नोटिशीच्या उत्तराचे किती, तुमचं काम प्रत्यक्षात कोण करणार. आर्टिकलशिप करणारी, म्हणजे सीएंच्या हाताखाली शिकणारी मुलं करणार असतील तर हरकत नाही, पण सही करण्याआधी सीए स्वतः बघतात ना? आणि मधेच सोडलं तर कागद किती दिवसांत परत. एका पानाचं पत्र होतं. ते द्यायला कोणी कुरकुर केली तर तेही उत्तरच आहे.

रिसॉर्टच्या अडकलेल्या पैशांसाठी आत्ता वकील नको. आज संध्याकाळी बसून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करा. आधार-पॅनवर होते, फुकट होते, आणि सूक्ष्म उद्योग म्हणून तुम्ही आरामात बसता. माल बनवणाऱ्या नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी कराराप्रमाणे, फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. शिवाय मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्यांना पैसे देईपर्यंत करात वजा मिळत नाही. यातली मेख अशी की नोंदणी माल देण्याआधीची लागते, त्यामुळे जुन्या बिलांवर तिचा जोर चालणार नाही. ती बिलं गोडीनेच वसूल करा. नव्या बिलावर उद्यम नंबर छापा आणि मार्च जवळ आला की मालकाऐवजी त्यांच्या हिशेबनिसाला फोन करा. मालकापेक्षा त्याला जास्त घाई असते.

दिरांशी बोलायचं ते यजमानांमार्फत नको. तुम्ही स्वतः बोला, आणि सीएंकडे पैसे भरण्याआधी बोला. ‘भाऊजी, धंदा आता राज्याबाहेर जातोय, हे काम फुकटात तुमच्या गळ्यात घालणं मला बरं वाटत नाही,’ एवढी सुरुवात पुरे. त्यांना त्या बी.कॉम. मुलीच्या नोंदी महिन्यातून एकदा तपासायला सांगा आणि त्याचे ठरवून पैसे द्या. घेणार नाहीत म्हणाले तरी द्या. फुकट काम करणाऱ्याला चूक दाखवता येत नाही आणि उशीर झाला तर विचारता येत नाही. आजवर तुम्हाला तेच जमलेलं नाही, पत्रातून दिसतंय. पहिल्या भेटीला त्यांनाही सीएंकडे घेऊन जा. मागच्या वर्षांचे आकडे त्यांच्याच डोक्यात आहेत, आणि ५ए ची गोष्ट त्यांनी तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा सीएंच्या तोंडून ऐकलेली बरी.

राहिले बांद्याचे दुकानदार. त्यांना सांगा, महिनाभर थांबा, नंबर घेऊन माल देते. तोवर ‘घरचाच माल’ म्हणून कोणाच्या गाडीतून दोन खोकी पाठवू नका. मी स्वतः येऊन नेतो, म्हणजे विक्री तुमच्याकडे, गोव्यातच झाली, असंही ते म्हणतील. ती पळवाट वाटते तितकी सरळ नाही, सीएंना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.